भिंतींच्या आधी दारं

घर बांधायचं ठरलं की पहिली चर्चा रंगते ती खोल्यांची. बेडरूम दोन की तीन, हॉल केवढा, देवघर वेगळं की कोनाड्यात. मग कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढतं, त्याचे चार-पाच तुकडे करतं आणि प्रत्येकात लिहितं, दहा बाय बारा, बारा बाय पंधरा. आम्हा आर्किटेक्ट मंडळींकडे येणारं कुटुंब हे पान खिशात घेऊनच येतं. ते पान मला आवडतं. त्या घरात कुणाचं किती चालतं हे त्यावरून बरोबर कळतं. देवघर मोठं आणि स्वयंपाकघर चिंचोळं असेल, तर पेन्सिल कुणाच्या हातात होती हे विचारावं लागत नाही. मात्र या पानांवर दारं सहसा काढलेलीच नसतात. चौकोनाला चौकोन चिकटलेला असतो, आणि एकातून दुसऱ्यात माणूस कसा जाणार हे मिस्त्री बघून घेईल अशी समजूत असते.

माझं म्हणणं असं, की भिंती आखण्याआधी दारं ठरवा. खोलीत काय मावेल हे तिच्या चौरस फुटांवरून जेवढं ठरत नाही, तेवढं तिला दारं किती आणि कुठे आहेत यावरून ठरतं.

दहा बाय बाराची खोली घ्या. चारी भिंतींची लांबी मिळून 44 फूट होते. ऐकायला पुष्कळ वाटते. आता तिला तीन फुटांचं एक दार द्या, न्हाणीघराचं अडीच फुटांचं दुसरं, बाल्कनीचं तिसरं आणि दोन खिडक्या. दाराची फळी उघडून जिथे टेकते ती भिंतही गेली. दाराकडे जाणारी वाट मोकळी ठेवायची, म्हणजे त्या वाटेवरची भिंतही कामाची नाही. सहा बाय साडेसहाचा पलंग टाकल्यावर लक्षात येतं, की कपाटाला अखंड भिंतच उरलेली नाही. मग कपाट खिडकीवर अर्धं येतं, आणि ती खिडकी घरभरणीनंतर पुन्हा कधी उघडत नाही.

हॉलची गत याहून वाईट. पुढचं दार एका कोपऱ्यात, आतलं दार समोरच्या विरुद्ध कोपऱ्यात, जिन्याची वाट तिसरीकडून. माणूस जवळच्या वाटेनं जातो, म्हणजे घरातला प्रत्येक जण हॉल तिरका ओलांडतो. त्या तिरक्या वाटेच्या दोन्ही अंगांना त्रिकोण उरतात, आणि त्रिकोणात बैठक बसत नाही. पंधरा बाय अठराचा हॉल असूनही त्याचा एसटी स्टँड होतो. बसलेल्या पाहुण्यांच्या आणि टीव्हीच्या मधून कुणी ना कुणी सतत जात असतं. हीच दारं एका बाजूच्या भिंतीला ओळीनं घेतली, तर वाट त्या भिंतीलगत सरळ जाते आणि उरलेला हॉल शांत राहतो. यासाठी एक वीट जास्त लागत नाही. दार सरकवायचं असतं ते कागदावर, आणि कागदावर ते फुकट सरकतं.

आणखी एक बारीक गोष्ट. दार अगदी कोपऱ्याला चिकटवू नका. कोपऱ्यापासून सव्वादोन फूट भिंत सोडा आणि मग चौकट लावा. त्या सव्वादोन फुटांत दोन फूट खोलीचं कपाट बसतं आणि उघडलेली फळी कपाटाच्या अंगाला टेकते. सगळ्याच दारांना हे जमत नाही, पण झोपायच्या खोल्यांत तरी जमवावं.

दारांचा विचार आपल्या जुन्या घरांनी फार नीट केला होता. कोकणातलं घर आठवा. अंगण, पडवी, ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागचं दार. बाहेरचा माणूस किती आत येणार हे त्या रांगेतच ठरलेलं असे. पत्र घेऊन आलेला पडवीत, गावातला ओळखीचा ओटीवर, सोयरा माजघरापर्यंत. कुणाला ‘इथंच थांबा’ म्हणून सांगावं लागत नसे. देशावरच्या वाड्यात हेच काम सोपा आणि चौक करत. आजच्या बंगल्यात पुढचं दार उघडलं की आलेल्या माणसाला एका नजरेत सोफा, जेवणाचं टेबल आणि ओट्यावरची भांडी दिसतात. घर शहरातल्या फ्लॅटसारखं दिसावं ही हौस मी समजू शकतो. पण फ्लॅटमध्ये तसं करावं लागतं, कारण तिथे जागा नसते. तीन गुंठ्यांत, म्हणजे 3267 चौरस फुटांत, बांधणाऱ्यानं ते कशाला करावं? पुढच्या दारात पाच-सहा फूट खोलीची ओटी ठेवा. चपला तिथे राहतात, कुरिअरवाला तिथून परत जातो, आजोबांचं वर्तमानपत्र तिथेच वाचून होतं.

आता न्हाणीघराकडे येतो. याबाबतीत माझं मत थोडं जुनाट आहे, तरी सांगतो. हल्ली प्रत्येकाला खोलीला जोडून बाथरूम हवी असते, आणि तिच्यात संडास, शॉवर, बेसिन सगळं एकत्र. पण पाच माणसांच्या घरात पैशांअभावी अशी एकच जोड-बाथरूम होणार असेल, तर सकाळी सहा ते नऊ काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. एक माणूस आत गेला की संडास, नळ आणि आरसा, तिन्ही अडले. तेवढ्याच जागेत संडास वेगळा, मोरी वेगळी आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये घेतलं, तर एका वेळी तिघांची कामं होतात. शाळेची बस, पूजेची वेळ आणि ऑफिसची गाडी यांची भांडणं अशी नकाशातच मिटवता येतात. म्हणून नकाशा काढण्याआधी सकाळचं वेळापत्रक लिहा. कोण किती वाजता उठतं, कुणाला आधी पाणी लागतं, डबे किती वाजता भरतात. खोल्यांच्या मापांपेक्षा ते वेळापत्रक आमच्या जास्त उपयोगी पडतं.

घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांची खोली तळमजल्यावर असावी, हे सगळेच म्हणतात. पण ती खोली मागच्या कोपऱ्यात, शांत जागी देतात. शांतता त्यांना दुपारी दोन तास पुरते. बाकी वेळ त्यांना येणारं-जाणारं माणूस दिसायला हवं. म्हणून खोली बैठकीजवळ असावी आणि संडास खोलीच्या दारापासून चार पावलांवर. त्या संडासाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकणारं करा. आत माणूस घसरून दाराशी पडला, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. रुंदीही अडीच फुटांवर न थांबता तीन फूट ठेवा. चाकाची खुर्ची आज कुणाला लागत नसेल, पण चौकट एकदा बसली की भिंत फोडल्याशिवाय ती रुंद होत नाही.

स्वयंपाकघराबद्दल स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा, एवढंच सांगून पुढे जाणार होतो, पण ओट्याबद्दल बोलायलाच हवं. ओट्याची उंची मिस्त्री सवयीनं सगळीकडे सारखी धरतो. ती तुमच्या घरातल्या बाईच्या, किंवा बाप्याच्या, कोपराखाली चार ते सहा इंच असावी. हात दुमडून उभं राहा आणि टेपनं मोजा. पाच फूट उंचीच्या बाईला 34 इंचांचा ओटा दिला, तर पोळी लाटताना तिचे खांदे सतत वर राहतात. आणि शेगडी खिडकीच्या नेमकी समोर नको. वारा आला की आच हलते आणि बाई खिडकी लावून घेते, मग ती खिडकी असून नसल्यासारखी. खिडकीसमोर भांडी घासायची जागा घ्यावी. उजेड तिथेच जास्त लागतो.

ऊन-पावसाचा हिशेब मात्र जागेवर उभं राहून करायचा असतो. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, की उन्हाळ्यात ऊन बाहेर राहतं आणि थंडीत आत येतं. पश्चिमेला ही युक्ती चालत नाही. तिथलं ऊन दुपारनंतर आडवं येतं, ते छज्ज्याला जुमानत नाही. त्या भिंतीला जिना, न्हाणीघर, अडगळीची खोली द्यावी. ऊन त्यांनी सोसावं. पावसाची झडही आपल्याकडे बहुतेक नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते, म्हणजे एकाच उपायात दोन्ही कामं होतात. आणि वाऱ्यासाठी खोलीला एकच मोठी खिडकी देण्यापेक्षा दोन भिंतींना दोन मध्यम खिडक्या द्या. बाहेर जायला वाट नसेल तर वारा आत येत नाही.

वास्तुशास्त्राचा प्रश्न कुणीतरी विचारणारच. माझी त्यावर श्रद्धा नाही, पण तुमची असेल तर वाद घालणार नाही. विनंती एवढीच, की आग्नेयेचं स्वयंपाकघर किंवा ईशान्येचं देवघर यांपैकी कोणत्या गोष्टी सोडायच्याच नाहीत, ते पहिल्या भेटीत सांगा. तिसरा नकाशा झाल्यावर मामांना आठवतं आणि सगळं पुन्हा सुरू होतं.

जिना आत घ्यायचा की बाहेर, या प्रश्नावर घरात जेवढी कुजबुज होते तेवढी कशावरच होत नाही. बाहेरून जिना असला की वरचा मजला भाड्यानं देता येतो, किंवा दोन भावांचे संसार वेगळे करता येतात. आतून असला की घर एक राहतं. हे नीट बोलून ठरवा, आर्किटेक्टच्या तोंडून वदवून घेऊ नका. आणि जिन्याला जागा किती लागते तेही धरून चाला. दहा फूट उंची चढायला सहा इंचांच्या वीस पायऱ्या लागतात. मध्ये वळण घेणारा तीन फूट रुंदीचा जिना साधारण सात बाय अकरा फूट जागा खातो, म्हणजे एक लहानशी खोलीच.

मजला नंतर चढवायचा असेल, तर पायाचा आणि कॉलमचा विचार आजच करावा लागतो, आणि जिन्याची जागाही आजच राखावी लागते. घर वाढणार हे गृहीत धरून काम केल्याचं उत्तम उदाहरण नवी मुंबईत बेलापूरला आहे. चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात तिथे वसाहत आखली. सात-सात घरं एका चौकाभोवती घेतली आणि कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. सामाईक भिंत नाही, तर खोली वाढवताना शेजाऱ्याची परवानगी कशाला? पुढे लोकांनी ती घरं खरोखरच हवी तशी वाढवली, काहींनी तर मूळ घर ओळखू येणार नाही इतकी. पुष्कळ आर्किटेक्टांना त्याचं वाईट वाटतं. मला वाटत नाही.

नकाशा मंजूर होऊन आला की एक दिवस जागेवर खुंट्या ठोकल्या जातात, दोरी ताणली जाते आणि चुन्याच्या फक्कीनं आखणी होते. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना तिथे न्या. पलंगाच्या, कपाटाच्या मापाचे जुने पुठ्ठे किंवा चादरी घेऊन जा आणि त्या रेघांमध्ये मांडून बघा. पुढच्या दारातून आत या, स्वयंपाकघरात जा, रात्री उठून संडासला जायची वाट चाला. दार कुठे अडतंय ते लगेच समजेल, आणि तोवर खणायला सुरुवात झालेली नसेल. फक्त तयारी ठेवा, की त्या दिवशी प्रत्येक खोली लहान वाटते. मोकळ्या आभाळाखाली दहा बाय बारा म्हणजे काहीच नाही असं वाटतं, आणि कुणीतरी मिस्त्रीला म्हणतंच, ‘फूटभर वाढवा की.’ वाढवू नका. तो फूट एकतर शेजारच्या खोलीतून येतो, नाहीतर हद्दीलगत सोडायच्या मोकळ्या जागेतून, आणि मग नगरपालिकेचा माणूस टेप घेऊन येतो. जोत्यावर भिंती चढल्या, स्लॅब पडला, की तीच खोली तुम्हाला पुरेशी वाटायला लागते.