शिळाछापाचे चित्र कसे पाहावे

पनवेलच्या जुन्या घरांतून समईच्या काजळीने काळवंडलेली रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती आपण आजवर नमस्कारापुरतीच पाहिली असेल. आज तिच्याकडे चित्र म्हणून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

दिवाण सर टी. माधवराव यांच्या सल्ल्यास अनुसरून राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस छापखाना काढला, आणि पुढे १८९९ साली तो, पनवेलहून बोरघाट चढून गेल्यावर लोणावळ्यापलीकडे लागणाऱ्या मळवलीस नेला. संस्थानिकांच्या दिवाणखान्याबाहेर क्वचितच पडणारी त्यांची चित्रे त्यामुळे सामान्य रयतेच्या घरी आली. शिळाछापात प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा लागे. मूळ तैलचित्रातील एखाद्या गालावरची लाली निरनिराळ्या शिळांवर विभागून, तेलकट शाईच्या सूक्ष्म ठिपक्यांनी हाताने रेखाटावी, आणि त्या साऱ्या शिळांचे ठसे एकाच कागदावर केसभरही न ढळता उमटावेत, तेव्हा कोठे ती लाली सिद्ध होई. हे ठिपके स्वतः रविवर्म्यांचे नव्हेत, कारागिरांचे. पण म्हणून त्यांची योग्यता मी कमी मानीत नाही.

कारागिरांचा हा हात पाहावयाचा तर भिंग घ्यावे. गालावर, पदराच्या चुणीत, लहानमोठे, विस्कळीत ठिपके दिसले तर ते शिळेचे काम. जाळीसारखे एकसारखे ओळीने आले तर ती मागाहून यंत्राने काढलेली नक्कल.

आधुनिक छापचित्रांत प्रतींची संख्या ठरलेली असते: पंढरपुरास जन्मलेल्या चित्रकार हुसेन यांच्या छापचित्राखाली १७/१०० असा आकडा असला तर शंभर प्रतींपैकी ती सतरावी, आणि शंभरांच्या पुढे प्रत काढावयाची नाही, असा तो करार असतो. रविवर्म्यांच्या छापखान्याने अशी मर्यादा घातली नव्हती. ती कोकणच्या पावसाळ्यांनी, वाळवीने आणि आपल्या अनास्थेने घातली. संग्राहकाने आकड्याची किंमत अवश्य जाणावी, परंतु चित्रापूर्वी आकडा वाचण्याची सवय मला रसिकतेस घातक वाटते.

असे चित्र घरी असेल तर ते ओल धरणाऱ्या भिंतीवरून आधी उतरवावे, काच कागदास चिकटू देऊ नये, काजळी ओल्या फडक्याने पुसू नये; आणि नवी चौकट बसविताना कारागीर खालची पांढरी कड कापू लागला तर त्याला निश्चयाने थांबवावे, कारण छापखान्याचे नाव बहुधा त्या कडेवरच असते.