दृष्टीआड सृष्टी : उड्डाण-प्रशिक्षणातील संगणकीय चित्र

(चरोदा, जि. दुर्ग येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



चरोद्याचे रेल्वे यार्ड तुमच्या नित्य पाहण्यातले आहे. रुळांच्या कडेला उभे राहिले की वाघिणींची पहिली रांग दिसते. तिच्याआड दुसरी, दुसरीच्याआड तिसरी. काय झाकले गेले, याचा निवाडा तेथे प्रकाशच करतो. संगणकाजवळ मात्र केवळ आकडे असतात. कोणता पृष्ठभाग कोणाच्या आड आहे, हे त्याला गणिताने ठरवावे लागते. यालाच ‘अदृश्य पृष्ठभागांचे निराकरण’ म्हणतात.

याच लोहमार्गाने नागपूरकडे निघाल्यास गोंदिया लागते. तेथील बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. इंजिन बंद पडणे, धुके दाटणे असे प्रसंग प्रत्यक्ष विमानात घडवून आणणे धोक्याचे असते. सिम्युलेटरमध्ये ते निर्धोकपणे शिकविता येतात. परंतु डोंगरामागची धावपट्टी पडद्यावर डोंगरातून दिसू लागली, तर शिकाऊ वैमानिकाच्या अंगी चुकीची सवय मुरेल. शिवाय सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंदच मिळतात. उशिरा आलेले अचूक चित्र येथे निरुपयोगी ठरते.

या अडचणीवर पहिला मोठा तोडगा उड्डाण-प्रशिक्षणाच्या गरजेतूनच निघाला. अमेरिकी हवाई दलासाठी झालेल्या १९६९ च्या अभ्यासात जनरल इलेक्ट्रिकचे शूमाकर व त्यांचे सहकारी यांनी एक साधी गोष्ट हेरली : विमान हलते, पण भूप्रदेश हलत नाही. म्हणून भूप्रदेशाचे काल्पनिक प्रतलांनी भाग पाडावेत आणि कोणता भाग कोणाला झाकू शकतो, हे आधीच ठरवून ठेवावे. उड्डाणाच्या वेळी वैमानिक प्रतलाच्या कोणत्या बाजूस आहे, एवढेच पाहिले की प्राधान्यक्रम मिळतो. याच विचाराचा विस्तार फुक्स, केडेम व नेलर यांनी १९८० मध्ये द्विभाजन-वृक्षाच्या रूपाने केला.

दुसरी पद्धत म्हणजे झेड-बफर. १९७४ मध्ये एडविन कॅटमल यांनी ती यूटा विद्यापीठातील प्रबंधात मांडली. पडद्यावरील प्रत्येक चित्रबिंदूसाठी आतापर्यंत आढळलेल्या सर्वांत जवळच्या पृष्ठभागाचे अंतर नोंदवायचे. नवा पृष्ठभाग त्याहून जवळ असेल तरच तो बिंदू बदलायचा. क्रम लावण्याची गरजच उरत नाही. मात्र ६४० × ४८० च्या पडद्यावर ३,०७,२०० बिंदू असतात. प्रत्येकी ३ बाइट धरल्यास केवळ अंतरांच्या नोंदीसाठी ९,२१,६०० बाइट लागतात. त्या काळी एवढी स्मृती अतिशय महाग होती. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि खर्चिक मानली गेलेली हीच पद्धत आज चित्रण-प्रक्रियकांचा आधार बनली आहे.

तरीही तिला एक मर्यादा आहे. दूरच्या अंतरांची नोंद जवळच्या अंतरांइतकी सूक्ष्म राहत नाही. धावपट्टी आणि तिच्यावरचे पांढरे पट्टे जवळजवळ एकाच पातळीत असतात. त्यामुळे दुरून पाहताना ते लुकलुकू लागतात. नेमक्या याच वेळी, उतरण्याच्या तयारीत, वैमानिकाची दृष्टी त्या पट्ट्यांवर खिळलेली असते. उपाय कोणता? ‘पट्टे धावपट्टीच्या वर’ असा क्रम आधीच ठरवून देणे. म्हणजे पुन्हा १९६९ चाच विचार!

परीक्षेसाठी पद्धतींची नावे जरूर लक्षात ठेवा. पण कोणती पद्धत श्रेष्ठ, असे कोणी विचारल्यास आधी प्रतिप्रश्न करा : वेळ किती, स्मृती किती आणि दृश्यातले काय स्थिर आहे? उत्तर तेथूनच सुरू होते.