कमावती वर्षं कुणाची?

(वाशीच्या वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वेळेआधी येऊन पटकावणाऱ्या जाणकार श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन'. संयोजकांना मी फोनवरच बजावलं होतं, की या विषयावर बोलायला लागले की पाचव्या मिनिटाला मी कौटुंबिक न्यायालयात पोचते. त्यांना वाटलं, वकीलबाई विनोद करतायत. (हशा)

पेन्शन, पीएफ, ग्रॅच्युइटी म्हणजे काय, हे मी तुम्हाला काय सांगणार? समोर बंदरातले, बँकेतले, सिडकोतले, महापालिकेतले निवृत्त लोक बसलेत. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत कसे जातात, हे तुम्हीच मला शिकवाल. ते सोडून देते. फक्त एक तारीख विचारते. १७ डिसेंबर १९८२. बघा, पहिल्या तीन रांगांतले हात लगेच वर! नकारा खटल्याचा निकाल. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, इतकी वर्षं केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, आणि तेव्हापासून १७ डिसेंबर हा तुमचा पेन्शनर दिन. पेढेही वाटता.

आता माझं म्हणणं ऐका. सेवेची ती तीस-पस्तीस वर्षं एकट्याची होती का? वाशीपर्यंत लोकल आली १९९२ साली. त्याआधी खाडीपूल ओलांडून मुंबईला कामावर जाणाऱ्यांचा डबा पहाटे कोण भरत होतं? बदली झाली तेव्हा स्वतःची शाळेतली नोकरी कुणी सोडली? सर्व्हिस बुकात याची नोंद नसते. पण ही कामं कुणी केलीच नसती, तर त्या सर्व्हिस बुकात बिनपगारी रजाच दिसल्या असत्या.

(श्रोत्यांतून आवाज : मॅडम, पण कमावलं कुणी?)

आलाच प्रश्न! मी वाटच बघत होते. साहेब, तुम्ही कमावलंत. मोजकंच उत्तर देते. जमशेदपूरला १९८९ साली एका समारंभात आग लागली, कितीतरी बायका-मुलं गेली. भरपाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००१ साली न्यायालयानं गृहिणीच्या घरकामाची किंमत धरली, महिना ३००० रुपये. अपघाताच्या दाव्यांत आजही अशी किंमत धरतात. म्हणजे बाई गेली, तर तिच्या कामाचा हिशेब होतो. ती जिवंतपणी घटस्फोटासाठी न्यायालयात उभी राहिली, की विचारतात, कमावलं कुणी? (शांतता. मग टाळ्या)

रागावू नका. दोष तुमचा नाही, कायद्याचा आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं कलम २७ लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. कलम २५ म्हणजे कायमची पोटगी, एकरकमी किंवा दरमहा. मिळकतीची वाटणी कुठेच नाही. मागायची ती पोटगी. आणि नवरा निवृत्त झाला, की 'परिस्थिती बदलली' म्हणून तीही कमी करायचा अर्ज. २०१३ मध्ये राज्यसभेनं एक दुरुस्ती विधेयक मंजूर केलं होतं, त्यात नवऱ्याच्या स्थावरात बायकोच्या हिश्शाची तरतूद होती. लोकसभा विसर्जित झाली, विधेयक बुडालं. जर्मनीत १९७७ पासून लग्नाच्या काळात साठलेली पेन्शन दोघांत विभागतात, इंग्लंडमध्ये डिसेंबर २००० पासून तशी सोय आहे. पण इतक्या लांब जायचं कशाला? आपला गोवा आहे ना!

गोव्याचं जरा सांगू द्या. तिथे पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांची. फोंड्याला एका खरेदीखताच्या वेळी मी बसले होते. विकणारा शेठ आला, कागद झाले, आणि कारकून विचारतो, बायको कुठाय? शेठ म्हणाला, दुकान माझ्या बापाचं, ती घरी सोलकढी करतेय. कारकून म्हणाला, मग सोलकढी होईपर्यंत थांबा. (हशा) तासाभरानं बाई रिक्षातून उतरल्या. नऊवारीला हात पुसले, चष्मा मागितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत खत वाचलं, आणि किमतीवर बोट ठेवून म्हणाल्या, हे कमी आहे. (हशा, टाळ्या) सौदा त्या दिवशी झालाच नाही. शेठ माझ्याकडे असं बघत होते, की जणू मीच फितूर केलं.

गोव्याचा कायदा गोव्यापुरताच, असं म्हणत असाल तर तेही पूर्ण खरं नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीचा वारसाही त्याच कायद्यानं ठरेल. आणि ती मिळकत होती आपल्या मुंबईतली. गोवेकर जोडप्याचं घरभाडं, व्याज, दुकानाचा नफा प्राप्तिकरासाठी निम्मा-निम्मा धरतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात हे कलम ५अ. मात्र पगार ज्याचा त्याचा. आणि प्राप्तिकराच्या लेखी पेन्शन म्हणजे पगारच! म्हणजे गोव्यातसुद्धा दुकानदाराच्या बायकोच्या नावे निम्मा नफा दिसतो, आणि कारकुनाच्या बायकोच्या...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' घड्याळ पुढे आहे का हो तुमचं? बरं.

भरभर सांगते. पेन्शनचा कायदा १८७१ चा. त्यातलं कलम ११ म्हणतं, सावकाराच्या देण्यासाठी पेन्शन जप्त करता येणार नाही. नवरे हे कलम घेऊन येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं काय म्हटलं? बायको म्हणजे सावकार नव्हे. पोटगीसाठी पेन्शन जप्त होऊ शकते. हे लिहून घ्या. पण त्याच कायद्याचं कलम १२ : पुढे मिळायची पेन्शन आधीच कुणाच्या नावे करून देणं निरर्थक. नवऱ्यानं मन मोठं करून निम्मी लिहून दिली, तरी उपयोग नाही. आणि तो गेला, की घटस्फोटितेला कुटुंब निवृत्तिवेतन नाही. घटस्फोटित मुलीला केंद्राच्या नियमांत अटींसह मिळतं, घटस्फोटित बायकोला नाही. गंमत बघा.

मग करायचं काय? परस्पर संमतीचा घटस्फोट असेल तर अटी लिहिण्याआधी पीएफचं पासबुक, ग्रॅच्युइटीचा अंदाज, पेन्शनचा हिशेब, सगळं टेबलावर मागा. पोटगीच्या दाव्यात दोघांनी मिळकतीचं शपथपत्र द्यायचं, हे २०२० पासून बंधनकारकच आहे. ज्या खटल्यातून हे आलं, तोही नागपूरचा. पेन्शन तोडता येत नसेल, तर तिचं मोल धरून तेवढा हिस्सा फ्लॅटमध्ये किंवा एकरकमी घ्या. मासिक आकड्यावर सही करून मोकळ्या होऊ नका. आमचे वकीलही कंटाळा करतात. इथे कुणी बसले असतील तर... हसू नका, बसलेत.

शेवटची चिठ्ठी. 'माझी पत्नी शिक्षिका होती, तिला पेन्शन आहे, मी धंद्यात बुडालो. मला निम्मी मिळेल का?' (हशा) हिंदू विवाह कायद्यातली पोटगीची कलमं नवऱ्यालाही खुली आहेत. वाटणीचा कायदा आला, तर तोही दोघांना सारखा लागला पाहिजे, असंच मी म्हणेन. मात्र तिच्या त्या वर्षांत पहाटेचा डबा कोण भरत होतं, हे तुम्हाला उलटतपासणीत विचारलं जाईल. (टाळ्या)

संयोजक उभे राहिले. करनियोजन राहूनच गेलं, त्यासाठी पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी बोलवा. पासबुक कसं काढायचं हे ज्यांना बघायचंय, त्या चहापाशी थांबा. फोन घेऊन या.