बावटा लागलेल्या दिवशीचा हप्ता

(प्रभागसंघाच्या आश्विनातल्या मासिक सभेत कोषाध्यक्ष ताईंनी केलेलं भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलात 'पावसाळ्यानंतरची मासेमारी'. घरच्या पुरुषमंडळींनी हे ऐकलं तेव्हा ते हसले. म्हणाले, आता तुम्ही आम्हाला जाळं टाकायला शिकवणार? नाही शिकवणार. पण जाळ्यासाठी कर्ज आपल्या गटातून जातं, लिलावात मासळी आपण उचलतो, बर्फ आपण आणतो, बाजारात पाटी घेऊन आपण बसतो. तिसऱ्या आणि कालवं तर सगळी आपल्याच हातची. मग दर्याचं गणित आपल्याला नको का कळायला?

यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, हे तुम्हाला माहीत आहे. नारळी पौर्णिमेला आपण नारळ वाहतो. पण नारळ वाहिला म्हणजे दर्या लगेच गप्प बसला असं होत नाही. श्रावण-भाद्रपदात लाटा असतातच, खाडीच्या तोंडाशी पाणी फुटत असतं. खरा बदल होतो तो पाऊस परतायला लागला की. नैर्ऋत्येचा जोर कमी होतो, पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. शिडाच्या होड्या याच हिशोबाने पहाटे बाहेर पडत आणि दुपारी घरी येत.

याच दिवसांत बांगडा आणि तारली किनाऱ्याजवळ का येते? पावसाळ्यात खालचं थंड पाणी वर येतं. ते शेतातल्या खतासारखं सकस असतं. त्यात नद्यांचं गाळाचं पाणी मिसळतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ आणि किडे वाढतात, आणि ते खायला बांगड्याचे थवे येतात. रापणीवाले किनाऱ्यावर उभे राहून पाण्याचा रंग बघतात, थवा असेल तिथे पाणी काळसर दिसतं, वर खळबळ असते. काळोख्या रात्री थवा हलला की पाणी चमकतं. आता हैदराबादची इन्कॉईस संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि रंग बघून मासळी कुठे असेल त्याचा अंदाज देते. म्हणजे म्हाताऱ्यांचीच पद्धत, फक्त जास्त उंचावरून.

आता आपल्या बाजूचं बघू. मासळी भरपूर येते तेव्हाच गिऱ्हाईक कमी असतं, ही या मोसमाची गंमत आहे. गणपतीत घरं शाकाहारी (गौरीला तिखटाचा नैवेद्य असणारी काही घरं सोडली तर), मग काही जण पितृपक्ष पाळतात, मग नवरात्र. दसरा झाला की सगळी एकदम बाजारात. तीन वर्षांपूर्वी नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी बांगडा इतका स्वस्त झाला की मला मोह आवरला नाही. गटातून चार हजार उचलले आणि घेतला. बर्फ घेतला निम्माच, म्हटलं वाचेल तेवढं वाचेल. वर ऑक्टोबरचं ऊन! दुपारपर्यंत डोळे बसले, पोटं फुटायला लागली. जो विकला तो पडत्या भावाने विकला, बाकीचा खड्ड्यात पुरला. चार हजारांचे अकराशे हातात आले. हप्ता मात्र चार हजारांचाच भरला.

तेव्हापासून माझा हिशोब ठरलेला आहे. या उन्हात एक किलो मासळीला एक किलो बर्फ, आणि तो फोडून थराथराने घालायचा, नुसता वर ठेवायचा नाही. बर्फाचे पैसे आधी बाजूला काढायचे, उरलेल्या पैशांत मासळी घ्यायची. बांगड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तो उन्हात राहिला की त्याच्यात एक विषारी द्रव्य तयार होतं. खाल्लं की तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. हे द्रव्य शिजवून जात नाही, खारवूनही जात नाही. म्हणून 'जरा नरम पडलाय, मीठ लावून सुकवू' हा विचार सोडा. सुकवायचा असेल तर ताजाच सुकवायचा. पोट काढून, धुऊन, तीन-चार किलोला एक किलो मीठ, आणि जमिनीवर वाळूत नाही, मांडवावर जाळी टाकून. दुपारनंतर ढग दिसले की ताडपत्री हाताशी हवीच, परतीचा पाऊस सांगून येत नाही.

लहान मासळीबद्दल एकच सांगते. 2023 साली सरकारने चंदेरी पापलेट हा राज्य मासा ठरवला आणि कोणता मासा किती लहान असताना पकडायचा नाही तेही ठरवलं. पापलेट साडेतेरा सेंटीमीटरच्या खालचं नको. लिलावात बोटाएवढी पापलेटं आली तर आपण बोलीच लावायची नाही. आपण घेतली नाहीत तर ती पकडायचं कारणच उरणार नाही.

आता भरती-ओहोटी. नव्या सुनांसाठी हे मुद्दाम सांगते, कारण आता सगळ्या मोबाईल बघतात आणि रेंज नसली की अडतात. तिथीला पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला साधारण बारा. मुंबई-रायगडकडे हे जवळपास बरोबर येतं, आपल्याकडे दक्षिणेला पाणी अर्धा ते एक तास आधी भरतं, तेवढं वजा करा. भरतीनंतर सहा तास आणि थोडी मिनिटं गेली की ओहोटी. रोज पाऊण तासाहून थोडं जास्त पुढे जातं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, तेव्हा तिसऱ्यांची लांबची पुळण आणि कालवांचे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. म्हणून तिसऱ्यांना उधाणाच्या ओहोटीलाच जायचं. पण धोकाही तेव्हाच. पाणी परत फिरल्यावर पहिला तासभर हळू चढतं, आपल्याला वाटतं खूप वेळ आहे. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात वेगाने येतं, आणि ते समोरून येत नाही, मागच्या खोलगट भागातून येऊन वाट तोडतं. आम्ही अशाच एकदा कमरेएवढ्या पाण्यातून बुट्ट्या डोक्यावर घेऊन आलो. त्या दिवसापासून आमच्यातली एक जण काठाला काठी रोवून बसते. काठीच्या बुडाला पाणी लागलं की ती हाक मारते, आणि मग बुट्टी भरलेली असो-नसो, सगळ्यांनी निघायचं. तिच्या वाटणीच्या तिसऱ्या सगळ्यांनी काढून द्यायच्या.

नखाएवढ्या तिसऱ्या परत वाळूत टाका. आणि पाण्याला तांबडट किंवा दाट हिरवट रंग आला असेल, किनाऱ्याला मासे मरून पडले असतील, तर त्या दिवसांत तिसऱ्या-कालवं काढू नका, विकूही नका.

खाडीत गरी टाकणाऱ्या बायका इथे चार-पाच आहेत, त्यांना मी काय सांगणार! एवढंच की आता वरचं गोडं पाणी ओसरून खाडी खारी व्हायला लागते, तांबोशी आणि जिताडा आत येतो. जिवंत कोळंबी लावलीत तर बरं. भर उधाणाला पाणी गढूळ आणि ओढ इतकी की शिसं तळाला ठरत नाही. भांगाला पाणी मेलेलं. मधले दिवस धरा, आणि भरती लागतानाचा पहिला दीड तास. उत्तरेकडच्या डोलीवाल्यांचं मात्र उलट, त्यांना ओढच लागते, भांगाला त्यांची जाळी रिकामी.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मासळीचे दिवस आणि अरबी समुद्रातल्या वादळांचेही दिवस. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान आलं. तेव्हा कितीतरी होड्या बाहेर होत्या, काही परत आल्याच नाहीत. आपल्यातल्या काही घरांना ते सांगायची गरज नाही. 2019 च्या दिवाळीत क्यार आलं. ते जमिनीवर आलंच नाही, लांबून गेलं, तरी पाणी घरांत शिरलं. आठवडाभरात मागून महा. वादळ लांब आहे म्हणून दर्या बरा असेल असं धरू नका. वारा पडलेला, उकाडा असह्य, आणि तरी लांबट जड लाटा किनाऱ्याला आपटायला लागल्या, तर काहीतरी चाललेलं असतं.

हवामान खात्याचा इशारा आता दोन-तीन दिवस आधी येतो. बंदरावर बावटा लागतो. मग होड्या जातात कशाला? मी विचारलं. उत्तर मिळालं, 'तुमचा हप्ता पंधरा तारखेला आहे ना!'

बायांनो, मला त्या रात्री झोप लागली नाही. डिझेल उधार, बर्फ उधार, आणि वर आपल्या गटाचा हप्ता आणि उशिराचा दंड. दंड किती? आमच्या गटात दहा रुपये. पण दहा रुपयांची गोष्ट नसते, सभेत नाव वाचलं जाण्याची असते. ती बाई घरी जाऊन बोलते, नवरा होडी काढतो. वहीत नाव मी वाचते. माझी सासू शाळेत गेली नाही, ती ऐकून एवढंच म्हणाली, 'हप्तो ऱ्हवांदे, माणूस घराक येवंदे.'

म्हणून मी ठराव मांडते. ज्या दिवशी बंदरावर धोक्याचा बावटा असेल किंवा हवामान खात्याने समुद्रात जाऊ नका असं सांगितलं असेल, त्या दिवसांत येणारा हप्ता बावटा उतरल्यावर सात दिवसांनी भरायचा. दंड नाही, आणि थकबाकीत नाव वाचायचं नाही. कोणी विचारेल, याचा गैरफायदा घेतील. घेतील एखादी दोघी. बावट्याची तारीख बंदरावर लिहिलेली असते, वहीत तीच घालायची, म्हणजे वाद नाही. बँकेचा हप्ता आपल्या हातात नाही, तो गटाच्या राखीव रकमेतून भरायचा. त्यासाठी आत्ता, मासळी चांगली असताना, प्रत्येकीने महिन्याला वीस रुपये जादा टाकायचे.

दुसरं, प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख रुपये. हप्ता आपल्याला भरावा लागत नाही, पण नोंद लागते. पुरुषांची नावं सोसायटीत असतात, मासळी विकणाऱ्या आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची किती जणींची आहेत? आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स घेऊन या, आपण एकत्र जाऊन विचारू. आणि तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. होडीवाल्याच्या मोबाईलमध्ये असून उपयोग नाही, तो मोबाईल होडीबरोबरच बाहेर असतो.

ठरावावर प्रत्येक गटाने आपल्या सभेत बोलून पुढच्या महिन्यात सही-अंगठ्यासह कळवायचं आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनीही या, भांडून घेऊ.

अमावास्येनंतरच्या द्वितीयेला सकाळी साडेसहाच्या सुमाराला ओहोटी आहे. ज्यांना आमच्याबरोबर तिसऱ्यांना यायचं असेल त्यांनी सव्वापाचला देवळाकडे जमा. बुट्टी आणि कोयती आपापली आणा, काठी माझ्याकडे आहे.