डेलावेअरने आधी बिलाची सोय केली



अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं डेलावेअर हे चिमुकलं राज्य. सगळ्या राज्याची वस्ती आपल्या पुणे शहराहूनही कमी. २००२ साली तिथल्या पन्नाशी ओलांडलेल्या गोऱ्यांपैकी ५८ टक्क्यांनी मोठ्या आतड्याची तपासणी करून घेतली होती. कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्क्यांनी. २००९ पर्यंत दोन्ही आकडे ७४ च्या आसपास आले. कृष्णवर्णीयांमधल्या रुग्णांपैकी पूर्वी ७९ टक्क्यांचा कर्करोग निदानाच्या वेळीच आतड्याबाहेर पसरलेला असे, ते प्रमाण ४० टक्क्यांवर उतरलं. या रोगाने होणारे त्यांचे मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले.

हे कसं साधलं? ‘लोकांत जागृती नाही’ हे आपल्या परिषदांमधलं आवडतं निदान. त्यावर पोस्टर छापता येतं, फीत कापता येते. डेलावेअरमधल्या मंडळींनी वेगळा प्रश्न विचारला: विमा नसलेल्या माणसाला कॅन्सर सापडलाच, तर त्याने पुढे काय करायचं? बिलाच्या धास्तीने तपासणीच टाळणारा माणूस अडाणी नसतो, त्याचा हिशेब पक्का असतो. म्हणून राज्याने दुर्बिणीच्या तपासणीचा, म्हणजे कोलोनोस्कोपीचा, खर्च उचललाच, शिवाय दारिद्र्यरेषेच्या साडेसहापट उत्पन्नापर्यंतच्या विमा नसलेल्या रुग्णांना दोन वर्षांच्या उपचारांची हमी दिली. रुग्णालयांत खास परिचारिका नेमल्या. वेळ ठरवून देणं, आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध कसं घ्यायचं ते समजावणं, गाडीची सोय पाहणं, आठवण करून देणं, ही त्यांची कामं. डेलावेअरचं यश बरंचसं या कामांवर उभं आहे.

जिथे दुर्बीण सगळ्यांना पुरत नाही, तिथे विष्ठेतलं सूक्ष्म रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी उपयोगी पडते. ती वर्षातून एकदा, घरच्या घरी करता येते. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कायझर पर्मनंटे या आरोग्यविमा आणि रुग्णसेवा संस्थेने २००६ ते २००८ या काळात ती टपालाने सभासदांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. २००७ साली कृष्णवर्णीय आणि गोऱ्या सभासदांच्या मृत्युदरांत लाखामागे २१.६ चं अंतर होतं. २०१९ मध्ये ते १.६ उरलं.

अर्थात एकच चाचणी सगळीकडे चालेल असंही नाही. अलास्कातल्या मूळ रहिवाशांमध्ये या कर्करोगाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक नोंदींपैकी आहे, आणि त्यांच्या बऱ्याच गावांना रस्ताच नाही, त्यामुळे दुर्बिणीपर्यंत पोचणंही कठीण. विष्ठेतलं रक्त शोधणारी जुनी, ग्वायॅक पद्धतीची चाचणी तिथे फसायची, कारण हेलिकोबॅक्टर जंतूमुळे अनेकांच्या जठरातूनच रक्त झिरपत असे.

‘फिट’मध्ये दोष दिसला की दुर्बीण अटळ. अमेरिकेत गाडी नेमकी इथेच अडायची: चाचणी फुकट, पण पुढच्या कोलोनोस्कोपीचं बिल रुग्णाच्या माथी. खाजगी विम्यात ही चूक २०२२ साली सुधारली, ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, २०२३ साली. तोवर कितीजणांनी अहवाल घडी करून कपाटात ठेवला असेल!

आपल्याकडचं काय? केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याची नाही. भारतात या रोगाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांहून बरंच कमी असताना सरसकट आतडं तपासण्याचा आग्रह आज धरू नये. तितके एंडोस्कोपिस्ट आणायचे तरी कुठून? पण शौचातून रक्त जाणाऱ्या प्रत्येकाला ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलम देऊन परत पाठवणंही थांबायला हवं.

डेलावेअरकडून घ्यायचा तो त्या परिचारिकांचा धडा. आशाताईंनी तोंडातला पांढरा चट्टा हेरून बाईला जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली, तरी एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबतीला कोण, हे तिचं तिलाच सोडवावं लागतं. आपल्या राज्याच्या अहवालात ‘तपासणी झालेल्या व्यक्ती’ या रकान्याशेजारी ‘बायोप्सीपर्यंत पोचलेल्या व्यक्ती’ असा आणखी एक रकाना असावा, आणि तो भरण्यासाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पगारी पद असावं, अशी मागणी या परिषदेने आजच्या ठरावात करावी.