पांढऱ्या चट्ट्यापाशी थांबा



फॅमिली डॉक्टरांच्या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही एका बालमेंदूविकारतज्ज्ञाला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलायला विषय घेतला आहे एमटॉर. हा पेशीच्या आतला मामला, भरलेल्या ओपीडीत त्याचं काय काम, असं कुणाच्याही मनात येईल. माझं म्हणणं एवढंच आहे की या संशोधनातलं जे काही लहान मुलांच्या पदरात पडायचं आहे, ते तुमच्या तपासणीच्या टेबलावरूनच पडणार आहे.

मुळापासून सांगतो. १९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. तिथे विमानतळ व्हायचा होता. बाहेरचं जग येऊन धडकण्याआधी बेटावरच्या माणसांची आणि निसर्गाची नोंद करून ठेवावी, हा हेतू. मोहिमेबरोबर मातीचे नमुनेही आले. माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत त्या मातीतल्या जिवाणूपासून बुरशी मारणारं एक द्रव्य मिळालं. बेटाच्या नावावरून ते रापामायसिन झालं. त्यावर काम करणारे सुरेंद्रनाथ सेहगल बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले. पुढे कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला, प्रयोगशाळा बंद झाली. सेहगलांनी त्या जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या. काही वर्षांनी व्यवस्थापन बदललं, तेव्हा त्यांनी काम पुन्हा सुरू करून घेतलं आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

हे द्रव्य पेशीत नेमकं कुणाला धरतं, ते १९९१ मध्ये बाझेलला मायकेल हॉल, जोसेफ हाइटमन आणि राव मोव्वा यांनी यीस्टवर शोधलं. १९९४ च्या सुमारास तेच प्रथिन सस्तन प्राण्यांतही सापडलं. तेच आपलं एमटॉर.

बांधकामावरच्या मुकादमासारखं त्याचं काम. वाळू-सिमेंट आलं आहे का, मजुरी द्यायला पैसा आहे का, मालकाचा निरोप आहे का, हे सगळं पाहून तो काम लावतो. ॲमिनो आम्लं पुरेशी असली की एमटॉर लायसोझोमच्या पृष्ठभागावर येऊन बसतं. इन्सुलिनचा निरोप असला आणि ऊर्जा शिल्लक असली की ते कामाला लागतं: प्रथिनं बनतात, मेद बनतो, पेशी वाढते. उपाशीपोटी ते थांबतं आणि पेशी स्वतःचेच जुने, निकामी भाग मोडून त्यांवर गुजराण करते. वाढ आवरण्यासाठी हॅमार्टिन आणि ट्युबेरिन ही दोन प्रथिनं एमटॉरवर लगाम ठेवतात. यांपैकी एकाचंही जनुक बिघडलं की लगाम सुटतो आणि होतो तो ट्युबरस स्क्लेरोसिस. सुमारे सहा हजार जन्मांमागे एक मूल. मेंदूत, मूत्रपिंडांत, हृदयात, त्वचेवर गाठी येतात.

आता तुमच्या टेबलावर येऊ. चार-पाच महिन्यांचं बाळ. झोपेतून उठलं की मान आणि कंबर एकदम पुढे वाकते, हात फाकतात, क्षणभर थांबतं, पुन्हा तेच. असे झटके एकामागून एक येतात. आजी म्हणते, दचकतंय. शेजारीण म्हणते, पोटात कळ येत असेल, ग्राइप वॉटर द्या. अशा वेळी बाळाचे सगळे कपडे उतरवा. खिडकीच्या उजेडात पाठ, पोट, मांड्या बघा. अल्ट्राव्हायोलेट दिवा असेल तर खोली अंधारी करून तो फिरवा. पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठे, फिकट पांढरे, एका टोकाला निमुळते असे तीन किंवा अधिक चट्टे दिसले, तर ते कोड नव्हे, कॅल्शियमची कमतरता नव्हे, जंतही नव्हेत; ट्युबरस स्क्लेरोसिसची शंका घ्या. आईला झटक्यांचा व्हिडिओ मोबाइलवर काढायला सांगा आणि त्याच दिवशी बाळ पुढे पाठवा. या झटक्यांवर व्हिगाबॅट्रिन या आजारात विशेष चांगलं लागू पडतं. उपचार जितका लांबेल, तितकी बुद्धीच्या वाढीची हानी वाढते.

आणि आईला दोष लागू देऊ नका. सुमारे दोन तृतीयांश मुलांत हा जनुकबदल नव्यानेच झालेला असतो, आईबापांत तो नसतो. हे वाक्य सासरच्या माणसांसमोर, मोठ्याने म्हणा. दवाखान्यात याइतका स्वस्त आणि गरजेचा उपचार दुसरा नाही.

एव्हेरोलिमस हे रापामायसिनचंच भावंड. मेंदूतल्या विशिष्ट गाठींसाठी २०१० पासून ते वापरात आहे. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या आकडीवर ३६६ रुग्णांत त्याची चाचणी झाली. जास्त मात्रेच्या गटात ४० टक्के रुग्णांचे झटके निम्मे किंवा त्याहून कमी झाले. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. हा पूर्ण विजय नव्हे. पण कारणाच्या मुळाशी पोचणारं औषध आपल्या क्षेत्रात इतकं विरळ आहे की मला त्याचं मोल फार वाटतं. तोंड येणं, जंतुसंसर्ग, कोलेस्टेरॉल वाढणं हे त्रास सांभाळायचे. हे औषध चालू असताना जिवंत लसी द्यायच्या नाहीत. लक्ष तुम्हालाच ठेवायचं आहे.

मूत्रपिंडाच्या काही कर्करोगांवरही हीच औषधं चालतात. २००९ मध्ये म्हाताऱ्या उंदरांना रापामायसिन दिलं, तर ते जास्त जगले. तेव्हापासून धडधाकट माणसं दीर्घायुष्यासाठी ही गोळी मागतात. माणसाचं आयुष्य त्याने वाढतं याचा पुरावा नाही आणि साखर मात्र वाढू शकते. चिठ्ठी लिहून देऊ नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. फिट येणाऱ्या प्रत्येक मुलाची त्वचा उघडी करून पाहावी, अशी एक ओळ त्यांच्या तपासणीत यावी, आणि चट्ट्यांच्या छायाचित्रांचं मराठी कार्ड आपण छापून द्यावं, असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडतो आहे. त्यात काय जोडावं, काय गाळावं, ते जेवणाच्या सुट्टीत मला येऊन सांगा.