कंबरेतले इंजेक्शन : घेण्याआधीचा हिशेब



आपल्या बैठकीत कापसाच्या भावाचा हिशेब होतो, कर्जाचा होतो. आज आम्ही कंबरेचा हिशेब मांडणार आहोत. एकरभर कपाशीला दहा पंप फवारा धरा. १६ लिटरचा पंप म्हणजे एका फवारणीला १६० किलो पाणी पाठीवरून वाहिले. त्यावर वेचणीचे ओणवे दिवस, ज्वारीची सोंगणी, कडब्याच्या पेंढ्या. मेहकर असो की मलकापूर, चाळिशीनंतर कंबर धरली तर नवल नाही.

मग कोणी सांगतो, ‘मणक्यात गॅप आहे, कंबरेत इंजेक्शन घे.’ उसनवारी होते, घरातला माल पडत्या भावात विकला जातो. एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही. गाव म्हणते, नशीब. आम्ही म्हणतो, यात नशीब थोडे आणि कारणे जास्त. ती कारणे पैसे मोजण्याआधी विचारता येतात.

हे इंजेक्शन आहे काय? मणक्याच्या नळीत नसांवर जे आवरण असते, त्याच्या बाहेरच्या पोकळीत औषध सोडतात. १९०१ साली पॅरिसमध्ये ही रीत सुरू झाली, तेव्हा औषध कोकेन होते. आता बहुधा बधिर करणारे औषध आणि स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने दबलेल्या नसेभोवतीची सूज उतरते. सरकलेली गादी त्याने जागेवर येत नाही, झीज भरून निघत नाही.

म्हणून पहिला प्रश्न : दुखणे कोणते? गादी सरकून नस दबली आणि कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते, त्याला आपण सायटिका म्हणतो. तिथे गुण येण्याची शक्यता जास्त. नुसती कंबरच दुखते, पायात काही नाही, तिथे कमी. उतारवयात मणक्याची नळीच अरुंद होते. अशा ४०० रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचा निकाल २०१४ साली आला. सहा आठवड्यांनी पाहिले तर स्टेरॉइड घातल्याने बधिरतेच्या औषधापेक्षा फारसा जास्त फायदा दिसला नाही. नुसत्या फोटोवरही जाऊ नका. काहीच दुखत नाही अशा पन्नाशीच्या निम्म्याहून जास्त माणसांच्या एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते. अळी ओळखल्याशिवाय फवारा मारला तर औषधही जाते आणि पैसाही.

दुसरा : दुखणे किती जुने? काही महिन्यांचे असेल तर गुण लवकर येतो. वर्षानुवर्षांचे किंवा ऑपरेशन झालेल्या कंबरेचे असेल तर कमी. पण नवी सायटिका पुष्कळांची सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरते. पहिल्याच आठवड्यात सुईसाठी धावू नये.

तिसरा : सुई कशी टाकणार? एक्स-रेच्या पडद्यावर पाहत टाकली तर औषध नेमक्या जागी पडते. अंदाजाने टाकलेली सुई चुकू शकते. बाटली सीलबंद आहे का, तेही पाहा. २०१२ साली अमेरिकेत बुरशी लागलेल्या स्टेरॉइडने साडेसातशेवर माणसे आजारी पडली, साठाहून अधिक दगावली.

चौथा : शरीर कसे आहे? साखर असेल तर स्टेरॉइडने ती काही दिवस चढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. ताप, वजन घटणे, रात्रीचे दुखणे असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हे आधी तपासून घ्या. तिथे स्टेरॉइड घातक ठरते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला आणि काळजीने झोप उडालेल्याला गुण कमी येतो. कर्जाचा घोर कंबरेपर्यंत पोचतो, तो असा.

पाचवा, आणि हाच आपण विसरतो : नंतर काय? आराम मिळतो तो काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा. तेवढ्यात चालणे, सांगितलेला व्यायाम आणि ओझे कमी करणे झाले तर सुई कामी आली. आठव्या दिवशी पुन्हा भरला पंप पाठीवर घेतला तर पैसा मातीत. दुखणे थांबू देत असेल तर उलंगवाडीनंतरचे दिवस धरा. नसेल, तर पंप कोण उचलणार हे घरात आधी ठरवा. पंप अर्धा भरा, फेऱ्या वाढू द्या. वेचणाऱ्या बाईने ओटी जड होण्याआधी रिकामी करावी.

एक गोष्ट मात्र थांबू देत नाही. लघवी अडली, जांघेत बधिरता आली, पाऊल लुळे पडले, तर इंजेक्शनची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

खर्चाआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आपला उपचार योजनेत बसतो का.

बियाण्याची थैली घेताना आपण बिल मागतो, लॉट नंबर पाहतो. कंबरेसाठी त्याहून कमी चौकशी करू नये. हे पाच प्रश्न कागदावर लिहून सोबत न्या, आणि उत्तर मिळाल्यावरच पैसे मोजा.